प्रोसेसरच्या माथी आलेला व्हिडिओ

६ एप्रिल २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने व्हिडिओ कॉन्फरन्सिंगवरून कामकाज चालवण्याविषयी देशातल्या न्यायालयांसाठी निर्देश काढले. बीड, अंबाजोगाई, माजलगाव, केज, परळी, गेवराई, आष्टी इथल्या न्यायालयांनाही ते लागू होते. या न्यायालयांबद्दलची एक गोष्ट तंत्रज्ञानाच्या बातम्यांत सहसा येत नाही. ई-कोर्ट प्रकल्पाने जिल्हा आणि तालुका पातळीवर मुक्त सॉफ्टवेअर स्वीकारलं आहे. संगणकांवर उबुंटू लिनक्स आणि त्यावर खटल्यांच्या नोंदी ठेवणारी सीआयएस ही प्रणाली. ती राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या पुण्यातल्या चमूने घडवली. न्यायिक अधिकाऱ्यांना उबुंटूचं रीतसर प्रशिक्षणही देण्यात आलं. निर्देश निघाले तेव्हा हा प्रकल्प पाहणाऱ्या सर्वोच्च न्यायालयाच्या ई-समितीची धुरा न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड यांच्याकडे होती.

तेव्हा मराठवाड्यातही लिनक्स आता केवळ हौशी मंडळींचा विषय उरलेला नाही. आणि लिनक्स व व्हिडिओ एकत्र आले की जुनी तक्रार हजर होते. कॉल लागला की लॅपटॉपचा पंखा घोंघावू लागतो, बूड तापतं, समोरच्याचा आवाज तुटतो, बॅटरी तासाभरात मान टाकते. उन्हाळ्यात पारा चाळिशीपार जातो त्या मुलखात तर हे फारच जाचक. टर्मिनलमध्ये ‘टॉप’ चालवलं की ब्राउझरच्या ओळीत १८० टक्के वगैरे आकडा दिसतो. टॉप प्रत्येक कोअरचे शंभर टक्के धरतं, त्यामुळे दोन कोअरच्या यंत्रात १८० म्हणजे दोन्ही जवळपास भरले. त्याच क्षणी त्याच यंत्राच्या ग्राफिक्स चिपमध्ये खास व्हिडिओ उलगडण्यासाठी केलेला भाग रिकामा बसलेला असतो. काम करायला बनवलेला बसून आहे आणि दुसराच राबतोय. हे कसं घडलं त्याचा माग काढला, तर उपायही त्याच वाटेवर सापडतो.

व्हिडिओ आवळण्या-उलगडण्याच्या या घराण्याचा मूळपुरुष बंगळुरूचा. नसीर अहमद अमेरिकेतल्या कॅन्सस स्टेट विद्यापीठात शिकवत होते. प्रतिमा कमी जागेत बसवण्याची एक गणिती रीत त्यांना सुचली आणि १९७२ मध्ये तिच्या अभ्यासासाठी त्यांनी तिथल्या राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानकडे निधी मागितला. तो मिळाला नाही. अहमद थांबले नाहीत. टी. नटराजन आणि के. आर. राव यांच्यासह त्यांनी जानेवारी १९७४ मध्ये निबंध प्रसिद्ध केला आणि डिस्क्रीट कोसाइन ट्रान्सफॉर्म, थोडक्यात डीसीटी, जगापुढे आली. चित्राचे छोटे चौकोन पाडायचे, बहुधा आठ बिंदू रुंद आणि आठ उंच. प्रत्येक चौकोनात उजेड कुठे संथ बदलतो आणि कुठे झपाट्याने, ते आकड्यांत मांडायचं. डोळ्याला न जाणवणारे बारीक बदल वगळायचे. पुढे तिला दुसरी कल्पना जोडली गेली. आधीच्या चित्रातला तुकडा या चित्रात कुठे सरकला तेवढंच सांगायचं, अख्खं चित्र पुन्हा पाठवायचं नाही. आज आपण पाहतो तो जवळपास प्रत्येक व्हिडिओ या दोन कल्पनांच्या कुठल्या ना कुठल्या सुधारलेल्या रूपावर चालतो. एवढं मोठं ऋण असलेल्या माणसाचं नाव आपल्या शाळा-कॉलेजांत क्वचितच घेतलं जातं, याची मला खंत वाटते.

हे गणित अवघड नाही, पण त्याचा व्याप अफाट आहे. १२८० गुणिले ७२० बिंदूंचं चित्र सेकंदाला ३० वेळा बदलतं, म्हणजे दर सेकंदाला सुमारे २ कोटी ७६ लाख बिंदूंचा हिशेब. तो एक सेकंदही थांबत नाही.

ही रीत प्रत्यक्षात आली ती सिनेमासाठी नव्हे, कॉलसाठी. १९८८ ते १९९० या काळात एच.२६१ हे मानक आकाराला आलं. ६४ किलोबिटच्या आयएसडीएन तारा एकत्र जोडून त्यांवरून ३५२ गुणिले २८८ बिंदूंचं चित्र पाठवायचं. त्या काळच्या संगणकाच्या प्रोसेसरला हे काम पेलणारं नव्हतं, म्हणून ते स्वतंत्र यंत्रात, त्यासाठीच घडवलेल्या चिपांकडून होई. कॉन्फरन्सच्या खोलीत टीव्हीखाली ठेवलेली ती पेटी म्हणजेच सगळा व्हिडिओ.

व्हिडिओवरून घेतलेल्या साक्षीला भारतात मान्यता मिळाली तीही महाराष्ट्रातल्याच प्रकरणात. महाराष्ट्र राज्य विरुद्ध डॉ. प्रफुल्ल देसाई या खटल्यात अमेरिकेतल्या एका डॉक्टरची साक्ष हवी होती. आरोपीच्या समक्ष पुरावा नोंदवायचा या अटीचा अर्थ एकाच खोलीत हजर असणं इतकाच होत नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १ एप्रिल २००३ रोजी दिला. पुढे फौजदारी प्रक्रिया संहितेत दुरुस्ती झाली आणि ३१ डिसेंबर २००९ पासून न्यायालयीन कोठडी वाढवताना आरोपीला व्हिडिओवरून हजर करणं कायदेशीर झालं. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने तर चौकशी आणि खटला इलेक्ट्रॉनिक माध्यमातून चालवायची मुभा दिली. बीड शहरातून अहिल्यानगरकडे पहिली प्रवासी गाडी सुटली ती १७ सप्टेंबर २०२५ रोजी. ज्या जिल्ह्याच्या मुख्य ठाण्याला रेल्वे इतक्या उशिरा मिळाली, तिथे उच्च न्यायालयाच्या खंडपीठापर्यंतची किंवा दूरच्या साक्षीदारापर्यंतची वाट पडद्यावरून जाणं म्हणजे पैसा आणि दिवस दोन्ही वाचणं. म्हणून त्या पडद्यामागचा प्रोसेसर गुदमरतो का, हा मला फक्त तांत्रिक प्रश्न वाटत नाही.

तर १९९७ च्या आसपासपर्यंत व्हिडिओचं ओझं प्रोसेसरचं नव्हतंच. घरोघरी आलेले व्हीसीडी प्लेअर आठवा. वगनाट्यं, कीर्तनं, लग्नाचं शूटिंग, सगळं त्या चकतीवर. त्यात एमपीईजी-१ चा व्हिडिओ असे, पुन्हा ३५२ गुणिले २८८, सेकंदाला २५ चित्रं, म्हणजे २५ लाखांच्या थोडे वर बिंदू. तो उलगडणारी चिप प्लेअरमध्येच असे. संगणकावर व्हीसीडी पाहायची तर सुरुवातीला वेगळं कार्ड बसवावं लागे.

वाट फुटली ती इथे. जानेवारी १९९७ मध्ये इंटेलने एमएमएक्स सूचना असलेला पेंटियम आणला. एकाच फटक्यात अनेक छोट्या आकड्यांवर क्रिया करणाऱ्या या सूचना अशाच कामासाठी होत्या. प्रोसेसरचा वेगही वाढत होता. कार्डाशिवाय व्हीसीडी चालू लागली आणि कार्ड हद्दपार झालं. खर्च वाचला म्हणून कोणी तक्रार केली नाही, पण चिपचं काम प्रोसेसरकडे आलं ते तेव्हा. नंतरचा सगळा इतिहास ते काम परत चिपकडे पोचवण्याचा आहे, आणि लिनक्सवर ती परतीची वाट फार लांबली.

२००० हे लिनक्सवरच्या व्हिडिओसाठी मोलाचं वर्ष. फ्रान्सच्या फाब्रिस बेलार यांनी व्हिडिओ आवळणारं-उलगडणारं एफएफएमपेग सुरू केलं, हंगेरीत एमप्लेअर हा प्लेअर सुरू झाला. प्रत्येक प्रोसेसरसाठी हाताने असेंब्लीत ओळी लिहून या मंडळींनी जुन्या यंत्रांकडून जे करवून घेतलं, त्याला तोड नाही. लिनक्सवर पडद्यावरचं चित्र सांभाळणाऱ्या एक्सफ्री८६ च्या त्याच वर्षी आलेल्या ४.० आवृत्तीने एक्सव्ही ही सोय सर्रास उपलब्ध केली. व्हिडिओत उजेड आणि रंग वेगवेगळे साठवलेले असतात, पडद्याला मात्र लाल, हिरवा, निळा लागतो. हे रूपांतर आणि चित्र लहानमोठं करणं एक्सव्हीमुळे ग्राफिक्स कार्डाकडे गेलं. ओझं उतरवण्याची ही पहिली पायरी. लगोलग आलेल्या एक्सव्हीएमसीने तुकडे सरकवण्याचं कामही कार्डाला देऊ केलं, पण ते प्रामुख्याने डीव्हीडीच्या एमपीईजी-२ पुरतं.

एवढ्यात, मे २००३ मध्ये, एच.२६४ मंजूर झालं. एमपीईजी-२ च्या साधारण निम्म्या बिटांत तसंच चित्र देणारं, पण उलगडायला कितीतरी जड. नव्या कार्डांत ते उलगडणारी सर्किटं येऊ लागली. अडचण अशी की त्या सर्किटांशी बोलायचं कसं, याची कागदपत्रं कंपन्या देईनात. त्या बोलण्यासाठी इंटेलने २००७ मध्ये व्हीए-एपीआय आणलं आणि एनव्हिडियाने नोव्हेंबर २००८ मध्ये व्हीडीपीएयू. एएमडीने २००७ पासून आपल्या कार्डांची माहिती खुली करायला घेतली खरी, पण व्हिडिओच्या भागाचा खुला ड्रायव्हर यायला एप्रिल २०१३ उजाडलं. सिनेमांच्या कॉपीबंदीची गुपितं त्याच सर्किटांत गुंतलेली, म्हणून हा उशीर. ज्याने पैसे मोजून कार्ड घेतलं, त्याच्या यंत्रातला भाग इतकी वर्षं बंद राहिला. हा अन्याय होता असंच मी म्हणेन.

मग व्हिडिओ प्लेअरमधून उठून ब्राउझरमध्ये गेला आणि नवीच गुंतागुंत उभी राहिली. फ्लॅशच्या दिवसांत लिनक्सवाल्यांचे हाल झाले. यूट्यूबने जानेवारी २०१५ मध्ये एचटीएमएल५ हेच मुख्य ठरवलं आणि फ्लॅश सुटलं. त्याच वर्षी यूट्यूबवर व्हीपी९ पसरू लागलं. हा गूगलचा, परवाना-शुल्क नसलेला आणि कमी डेटात चांगलं चित्र देणारा फॉरमॅट. पण २०११ च्या सँडी ब्रिजपासून विकले गेलेले लाखो इंटेल लॅपटॉप एच.२६४ चिपवर उलगडत, व्हीपी९ नाही. काल थंडपणे चालणारं यंत्र आज त्याच संकेतस्थळावर तापू लागलं, आणि वापरणाऱ्याला वाटलं यंत्र म्हातारं झालं. यंत्र होतं तसंच होतं, समोरून येणारा फॉरमॅट बदलला होता.

त्यात क्रोममध्ये चिपकडून उलगडण्याची सोय लिनक्ससाठी वर्षानुवर्षं आपोआप चालू होत नसे. फायरफॉक्सने मे २०२० मध्ये वेलँड या नव्या पडदा-प्रणालीवर आणि ऑगस्ट २०२० मध्ये जुन्या एक्स११ वर व्हीए-एपीआय आणलं, तेही सेटिंगांत शिरून चालू करावं लागे. इंटेलच्या चिपांसाठी ते मुळातच चालू मिळालं जुलै २०२३ च्या ११५ व्या आवृत्तीत, आणि एएमडीसाठी मार्च २०२५ च्या १३६ व्या आवृत्तीत. इंटेलने वाट खुली केल्यापासून तिच्याच चिपांना सोळा वर्षं थांबावं लागलं होतं. सहज मिळालेली गोष्ट नव्हे ही.

कॉलचं प्रकरण आणखी जड आहे. सिनेमा पाहताना फक्त उलगडायचं असतं. कॉलमध्ये आपलं चित्र आवळून पाठवायचंही असतं, आणि आवळणं उलगडण्यापेक्षा कितीतरी महाग, कारण प्रत्येक तुकडा आधीच्या चित्रात कुठे होता ते शोधत बसावं लागतं. ब्राउझरमधूनच कॉल करू देणारं, गूगलने २०११ मध्ये खुलं केलेलं वेबआरटीसी जानेवारी २०२१ मध्ये अधिकृत मानक झालं. ब्राउझरने त्यात व्हीपी८ आणि एच.२६४ दोन्ही समजलेच पाहिजेत असा नियम आहे, पण दोघांतलं कोणतं वापरायचं ते कॉलची सेवा ठरवते. ती व्हीपी८ किंवा व्हीपी९ कडे झुकली की जुन्या लॅपटॉपमधली एच.२६४ ची चिप पुन्हा बसून राहते. शिवाय पडद्यावर नऊ चेहरे असतील तर नऊ वेगळे व्हिडिओ उलगडायचे. पाठीमागची खोली धूसर करायची म्हटली की प्रत्येक चित्रात माणूस कुठला आणि भिंत कुठली हे ओळखायचं, ते निराळंच.

कॅमेऱ्याकडे तर कोणाचं लक्षच जात नाही. ७२० चं कच्चं चित्र सेकंदाला ३० वेळा पाठवायचं, तर सुमारे ४४ कोटी बिट दर सेकंदाला लागतात. यूएसबी २.० ची कागदावरची कमाल ४८ कोटी, प्रत्यक्षात त्याहून बरीच कमी. म्हणून साधा वेबकॅम प्रत्येक चित्र जेपीईजी करून पाठवतो. त्या जेपीईजीच्या पोटातही नसीर अहमद यांची डीसीटीच असते. प्रोसेसर ते जेपीईजी उलगडतो, पुन्हा व्हीपी८ मध्ये आवळतो आणि दरम्यान समोरच्यांचे चेहरेही उलगडत राहतो. कॅमेरा ६४० गुणिले ३६० वर आणला की बिंदू चौथाईवर येतात, कच्चं चित्रही तारेत मावतं, आणि ही साखळी एकदम हलकी होते. वकिलाचा चेहरा आणि साक्षीदाराचे हावभाव कळायला ३६० पुरेसं असतं. माझ्या मते कॉलमधला सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित उपाय हाच.

इथे एक गोष्ट आवर्जून सांगायला हवी. बीड जिल्ह्यातून दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीला बाहेर पडलेली कुटुंबं कारखान्याच्या तळावर कोपी टाकून राहतात. मागे गावात आजी-आजोबांजवळ ठेवलेल्या लेकरांशी ती व्हॉट्सॲपवर बोलतात, व्हिडिओवर. व्हॉट्सॲपमध्ये ही सोय आली नोव्हेंबर २०१६ मध्ये. हातातला अँड्रॉइड फोन लिनक्सच्याच कर्नलवर चालतो आणि लॅपटॉपच्या कितीतरी पट छोट्या बॅटरीवर तो व्हिडिओ कॉल निभावतो. कारण फोनच्या चिपमध्ये आवळणं-उलगडणं दोन्हीसाठी सर्किट असतं, आणि अँड्रॉइडने २०१२ च्या ४.१ आवृत्तीपासून ॲपला त्या सर्किटापर्यंत थेट वाट दिली. चिप बनवणारा, ड्रायव्हर देणारा आणि फोन विकणारा यांचं आधीच जुळलेलं असतं. जिथे चार्जिंगची मारामार, तिथे ही वाट नसती तर मायलेकरांचं बोलणं काही मिनिटांत आटोपलं असतं. लिनक्स जड आहे हा समज यानंतर तरी सोडून द्यायला हवा.

लॅपटॉपवर तीच वाट आपल्याला हाताने जोडावी लागते. सुरुवात ‘व्हीएइन्फो’ या आज्ञेने करावी. आपली चिप कोणकोणते फॉरमॅट उलगडू शकते आणि कोणते आवळू शकते, त्याची यादी ती दाखवते. यादीऐवजी चूक आली तर ड्रायव्हर बसलेला नाही. इंटेलच्या जुन्या चिपांना आय९६५ आणि साधारण २०१४ नंतरच्यांना आयएचडी हा ड्रायव्हर लागतो. फेडोरा वापरणाऱ्या एएमडीवाल्यांनी इथे सावध राहावं. पेटंटच्या भीतीने फेडोराने २०२२ मध्ये एच.२६४ ची चिपवरची सोय मूळ पॅकेजांतून काढून टाकली, ती बाहेरच्या भांडारातून घ्यावी लागते. कागदपत्रं मिळवण्यासाठी लोकांनी इतकी वर्षं झगडावं आणि चालू झालेली गोष्ट वकिली भीतीपोटी काढावी लागावी, याचं दुःख होतं.

मग व्हिडिओ लावून ‘इंटेल जीपीयू टॉप’ उघडावं. त्यात व्हिडिओ नावाची पट्टी हलली तर चिप कामाला लागली. ती शून्यावर आणि प्रोसेसर शिगेला, म्हणजे फॉरमॅट जुळलेला नाही. फायरफॉक्सच्या सपोर्ट पानावर प्रत्येक फॉरमॅट चिपवर चालतो का सॉफ्टवेअरमध्ये, तेही लिहिलेलं असतं. चिपला व्हीपी९ आणि त्यानंतरचा एव्ही१ येत नसतील तर ब्राउझरच्या सेटिंगांत ते बंद करावेत, म्हणजे यूट्यूब एच.२६४ पाठवतं. यूट्यूबवर ते १०८० पर्यंतच मिळतं. २०१२ च्या लॅपटॉपच्या पडद्याला त्याहून जास्त लागतही नाही. डेटा थोडा जास्त जातो, हे मात्र धरून चालावं. उतरवून घेतलेल्या व्हिडिओंसाठी एमपीव्ही हा प्लेअर उत्तम. त्यात कंट्रोल आणि एच दाबलं की चिपवरचं उलगडणं चालू-बंद होतं, आणि फरक तिथल्या तिथे दिसतो.

कॉलमध्ये कॅमेरा खाली आणणं, पार्श्वभूमी धूसर न करणं आणि सगळ्यांचे चौकोन मांडण्याऐवजी बोलणाऱ्या एकालाच मोठं ठेवणं, एवढ्यानेच बहुतेक यंत्रं निवतात. सेवेत एच.२६४ निवडायची सोय असेल तर जुन्या यंत्रावर ती जरूर घ्यावी.

फॉरमॅटचं चक्र मात्र थांबलेलं नाही. २०१८ मध्ये आलेला एव्ही१ आता व्हीपी९ ची जागा घेतो आहे, आणि २०१७ चे लॅपटॉप आज तिथेच उभे आहेत जिथे २०१५ साली २०११ चे होते. बीड-अंबाजोगाईचे विद्यार्थी दुरुस्त करून विकलेले जुने लॅपटॉप घेऊन त्यावर लिनक्स टाकतात. त्यांनी रॅम आणि हार्ड डिस्कच्या आधी प्रोसेसरची पिढी विचारावी. इंटेलच्या सातव्या पिढीपासून व्हीपी९ पूर्णपणे चिपवर उलगडतं, अकराव्यापासून एव्ही१. पाचवी-सहावी पिढी थोडी स्वस्त पडते, पण तिच्यावर व्हीपी९ चा बराच भाग त्या खास सर्किटाबाहेरच उलगडावा लागतो. दुकानात पेनड्राइव्हवरून उबुंटू चालवून, ड्रायव्हर आणि व्हीएइन्फो दोन्ही तिथेच टाकून पाच मिनिटांत हे तपासता येतं. दुकानदाराने परवानगी दिली नाही तर पुढचं दुकान पाहावं.